दुसरा कप

लोकांच्या घरांना अलार्म बसवता बसवता माझे केस पिकले, पण स्वतःच्या घराला बसवला तो समोर गाण्याचे मास्तर राहायला आले तेव्हा. बायको खिडकीत बसून त्यांचं गाणं ऐकायची आणि इकडे माझा जळफळाट व्हायचा. मग गुपचूप खिडकीच्या चौकटीत चुंबक दडवला, दोन गच्च्यांवरून तार ओढली आणि घंटा दुकानात टांगली. खिडकी उघडली की घंटा वाजणार. रोज बरोबर चारला वाजायचीच! मी असा धावायचो की चपला मागाहून पोहोचायच्या. पाहावं तर बायको एकटी आणि टेबलावर चहाचे दोन कप. आठव्या दिवशी मी कडाडलो, "हा दुसरा कप कोणाचा?" "तुमचाच," ती म्हणाली. "तार पहिल्याच दिवशी दिसली मला. वीस वर्षं चहाला हाका मारल्या, आला नाहीत. आता नुसती खिडकी उघडते, तर धापा टाकत हजर!"