तीस प्रश्न

सासूबाईंनी दार अर्धंच उघडलं आणि ताईंना सोडून त्यांच्या मागं उभ्या असलेल्या मुलीला नीट न्याहाळलं.

"आज दोघी आलात," त्या म्हणाल्या.

याआधी ताई कुटुंबांच्या पाहणीसाठी दोनदा एकट्याच आल्या होत्या आणि दोन्ही वेळा याच दारातून आल्या पावली परत गेल्या होत्या. आजची तिसरी खेप. आजही नकार मिळाला, तर पाहणीच्या नियमाप्रमाणं हे घर यादीतून कायमचं गळणार होतं.

मुलं किती हवी होती, किती झाली, थांबायचं होतं का आणि ते कुणाला सांगता आलं का, एवढंच ताईंना सुनेला विचारायचं होतं. पण एकांतात. खोलीत तिसरं माणूस असलं की मुलाखत बाद. मागच्या खेपेला सून आतल्या दारात दिसली होती. एक मूल कडेवर, एक हाताशी, तिसरं आत पाळण्यात रडत होतं. चार वर्षांत तीन. तिनं ताईंकडं असं पाहिलं होतं, की त्या रात्री ताईंना जेवण गेलं नव्हतं.

"तिला काहीतरी विचारायचंय," ताई वाटेत मुलीला म्हणाल्या होत्या. "मला चाळीस मिनिटं मिळवून दे."

मिनिटं मिळवून देणं हेच त्या मुलीचं काम होतं. ऑफिसात तिला सगळे बडबडी म्हणत आणि नोकरीही तिला याच गुणावर मिळाली होती. तिच्या पिशवीत एक खोटा फॉर्म असे. बादल्या किती, पांघरुणं किती, उंदीर येतात का, असे एकूण तीस प्रश्न. ताई सुनेशी बोलत असताना बडबडीनं सासूला दुसरीकडं नेऊन या तीस प्रश्नांत गुंतवायचं. फॉर्म मुळात कुणी बनवला ते ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं प्रतींच्या प्रती निघत आल्या होत्या. भरलेला फॉर्म संध्याकाळी रद्दीत जाई.

बडबडीनं घसा साफ केला. "मावशी, घरातल्या कर्त्या बाईकडून थोडी माहिती हवी होती. ती तुमच्याशिवाय कोण देणार?"

हे वाक्य तिनं वाटेत सात वेळा घोकलं होतं.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "मग मागच्या अंगणात चल. इथं उजेड नाही."

खोलीत चांगला लख्ख उजेड होता. पण बडबडीनं वाद घातला नाही.

अडचण वेगळीच निघाली. कोपऱ्यात वन्सं बसल्या होत्या, म्हणजे सासूबाईंची नणंद. यांच्या कानावर पडलेलं दुपारी भावाला आणि संध्याकाळी भाच्याला, म्हणजे सुनेच्या नवऱ्याला, कळतं, हे शेजारणींनी ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं. वन्सं जागच्या हलायला तयार नव्हत्या. बडबडीनं पिशवी चाचपली. एका सासूचा बंदोबस्त तिला जमायचा, नणंदेचा फॉर्म काही पिशवीत नव्हता.

तेवढ्यात सासूबाईच वळल्या. "वन्सं, तुम्हीही चला. या घरातली भांडी तुमच्याइतकी कुणाला माहीत आहेत?"

वन्सं फुलल्या आणि गुडघे धरत उठल्या. बडबडीनं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

अंगणात सासूबाईंनी वन्संना घराकडं पाठ करून बसवलं, ऊन डोळ्यांवर येतं म्हणून. मग खणखणीत आवाजात बादल्यांपासून सुरुवात केली. सगळ्या बादल्या बाहेर आल्या. कुठली कधी फुटली आणि कुणी आपटली, तेही आलं. पांघरुणांवरून दोघींचं वाजलं. दर प्रश्नाला सासूबाई वन्संचं मत विचारत आणि ते लगेच खोडून काढत, की वन्सं पुन्हा इरेला पेटत. बडबडीला मधे तोंड घालायलाही जागा मिळेना. इतकी भोळी सासू तिला आजवर भेटली नव्हती. उद्या ऑफिसात हे कसं रंगवून सांगायचं, ते तिनं मनाशी जुळवायलाही घेतलं.

"एवढं लिहिलेलं जातं कुठं?" सासूबाईंनी विचारलं.

"मोठ्या ऑफिसात."

"जपून ठेवत असतील."

"अगदी कपाटात," बडबडी म्हणाली, आणि सासूबाईंना जोराचा ठसका लागला.

त्या ठसक्यानंतरच्या शांततेत आतून सुनेचा आवाज आला. सलग, न थांबता. ती बोलत होती. बडबडीचा ऊर भरून आला. दोन खेपांत ताईंना जे जमलं नाही, ते आज आपल्या जिभेनं करून दाखवलं, असं तिला वाटलं आणि तिनं जोमानं उंदरांचा प्रश्न विचारला.

तो तिसावा होता. वन्सं म्हणाल्या, उंदीर नाहीत. सासूबाई म्हणाल्या, आहेत. आणि फॉर्म संपला.

काम झालं की ताई पिशवी खांद्याला लावून अंगणात यायच्या. त्या आल्या नव्हत्या. आत आता सून प्रश्न विचारत होती आणि ताई समजावून सांगत होत्या. म्हणजे सगळ्यात मोलाचं बोलणं तर आत्ता कुठं सुरू झालं होतं.

"झालं ना?" वन्सं उठल्या. "मी आत जाऊन जरा पडते."

बडबडीनं तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदाच तिच्या तोंडून शब्द फुटेना. वन्सं दाराकडं वळल्यासुद्धा.

सासूबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा खाली बसवलं. मग बडबडीच्या हातातला फॉर्म घेऊन उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्या कोऱ्या बाजूकडं क्षणभर पाहून सासूबाई बडबडीच्या कानाशी वाकल्या.

"इथं मी आणखी दहा प्रश्न ठेवले होते, अशाच वेळेसाठी. प्रती काढताना गाळलेत वाटतं. लिही, सांगते."