एकच वापरकर्ता

वाघोलीच्या फ्लॅटवर एकटा राहणारा उत्तरेश्वर एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बिनपगारी काम करायचा. ज्या जुन्या सॉफ्टवेअरला सांभाळणारं कुणी उरलं नाही, त्याची नोटीस लावायची, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची आणि मग ते सिस्टिमच्या यादीतून काढून टाकायचं, हे त्याचं काम.

आज पाळी तासातासाला टोल देणाऱ्या घड्याळाच्या सॉफ्टवेअरची होती. नोंदीप्रमाणे वापरणारा जगात एकच.

"अहो, एकासाठी किती थांबायचं? काढा की," प्रकल्पातली रुपाली फोनवर म्हणाली.

चाराला पाच कमी असताना त्याने ते काढलं.

चार वाजले. शेजारच्या फ्लॅटमधून, भिंतीपलीकडून, तासातासाला येणारे टोल आज आलेच नाहीत. तीन वर्षं त्या टोलांवर तो चहा टाकायचा. दुसरी सोबत नव्हती.

यादीतून काढलेलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या चालू मशीनमधून जात नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तो खाली वॉचमनकडे गेला. "संपत, माझ्या शेजारी कोण राहतं?"

"कुणीच नाय. बुकिंगच नाय झालं, लाइटचं मीटरबी नाय तिथं."

वर येऊन त्याने आतून कडी लावली. तेवढ्यात त्या शेजारच्या भिंतीवर चार ठोके पडले, हळू, बोटाच्या पेरांनी.

भिंतीच्या अलीकडच्या बाजूने.