जोडीचा फोटो

शाळेतल्या मास्तरांना बॉक्स कॅमेऱ्यातून जोड्या टिपायचा भारी नाद. दोन होड्या, दोन बगळे, सारखं दिसलं की खटका दाबलाच. धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यात विठाबाईची जुळी पोरं, नारू आणि भिकू, बघून ते हरखलेच. नारूच्या गळ्यातला लाल रुमाल जोडी बिघडवतो म्हणून त्यांनी हट्टानं काढायला लावला. दिवाळीनंतर नारूला समुद्रानं नेलं. तेराव्याला विठाबाई फोटो आणि झेंडूचा हार घेऊन आली. "मास्तर, नारूला कापून वेगळा द्या. जित्या भिकूला हार नको." कात्री उचलून मास्तरांनी विचारलं, "यातला नारू कोणता?" ती फोटो डोळ्यांशी नेऊन बघत राहिली. "चालताना ओळखते मी. हे तर नुसते उभे." सोबतच्या भिकूलाही स्वतःचा चेहरा ओळखता येईना. मास्तरांना तो लाल रुमाल आठवला. फोटो पदरात गुंडाळून विठाबाई उठली. "हार नको मग. दोघंबी जितीच ऱ्हाऊ देत."