रिकामी खाच

शहरातल्या कंपू भागातलं ऑफिस जयेंद्रगंजच्या ऑफिसात विलीन झालं, तेव्हा तिकडचा जुना लॅपटॉप लिनक्स घालून नेटवर्कला जोडायचं काम शरयूच्या गळ्यात पडलं.

सकाळपासून ती नेटवर्कचं कार्ड लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत सारत होती. दर वेळी लॅपटॉप नकाराचा खालच्या पट्टीतला सूर काढी. ड्रायव्हर बदलून बदलून ती मेटाकुटीला आली. शेवटी वैतागून तिनं खाचेशेजारचं बटण दाबून कार्ड उपसलं आणि मुठीत आवळलं.

आत गेलेलं ते बटण हळूच बाहेर आलं. एरवी कार्ड आत नीट बसलं, तरच ते बाहेर येई. मग होकाराचे दोन उंच सूर वाजले.

"लागलं की," पलीकडच्या टेबलावरून मधुसूदनराव म्हणाले. "उगाच परेशान होत होतीस. कोणतं कार्ड घातलंस?"

ते उठून आले आणि कार्ड बघायला त्यांनी बटण दाबलं.

शरयूनं मूठ उघडून दाखवायच्या आत खाचेची झडप आतून उचलली गेली.