अकरा दोष

आकारामतात्यांनी गाडी लॉक केली, पाच पावलं टाकली आणि गाडी बोंबलायला लागली. हॉर्न थांबेना, चारही इंडिकेटर लुकलुकायला लागले. शाहूपुरीच्या त्या बोळात दोन खिडक्या उघडल्या.

“ऐकलंसा, बाई? ह्ये असं चाललंय,” तात्या किल्लीचं बटण दाबून हॉर्न बंद करत म्हणाले. “रात्री-अपरात्री कवाबी सुरू हुतीया. निम्मं शिरोळ उठून बसतंय.”

आपल्या गॅरेजच्या दारात उभ्या श्यामलाबाईंनी चिंधीला हात पुसले. तात्यांच्या मागं एक मुलगी उभी होती. हिरवा चुडा अजून हातात होता. ती गाडीकडं रोखून बघत होती.

“ही आमची सून, प्रियदर्शनी. महिना झाला लग्नाला. ह्याच गाडीतनं घरात आली आन् तवापासनं गाडी अशी. हिची सासू म्हणती, पायगुण.” तात्यांनी आवाज उतरवला, तरी सुनेला ऐकू जायचा तेवढा तो होताच. “मी न्हाय मानत. पर घरात रोजचा कालवा. दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकलं. आज सापडलं तर ठीक. न्हायतर गाडी इकायची आन् हिला कळंब्याला माहेरी सोडायची. घर शांत हुईस्तोवर.”

“घर कवा शांत हुणार, ते ठरलंय का मामा?” मुलीनं विचारलं.

तात्यांनी किल्ली श्यामलाबाईंच्या हातात दिली.

“सापडंल की,” श्यामलाबाई म्हणाल्या. “वायरच आहे. कुठं पळून जातीय?”

त्यांनी स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. दारं, दिवे, हॉर्न, वायपर, सगळ्यांचा कारभार बघणारी एक पेटी आजकालच्या गाड्यांत असते. तिची तक्रार पडद्यावर ओळीनं उमटत गेली. अकरा दोष.

तात्या डोकावले. “बघा! आधीचा बी हेच म्हणला. म्हणला, पेटीच बदला.”

“अकरा माणसं एकदम ओरडायला लागली, म्हणून सगळ्यांना मार लागलेला नसतो, पावणं. एकालाच लागलेला असतो. बाकीची त्याच्या नादानं ओरडतात.”

श्यामलाबाई शिकल्या तेव्हा जीपच्या तारा बोटांवर मोजता यायच्या आणि दोष शोधायला एक बल्ब पुरायचा. बल्ब गेला, पडदा आला. रीत तीच राहिली. एकेक गोष्ट हलवायची आणि नजर काढायची नाही.

त्यांनी अकराही दोष पुसून टाकले. पडदा कोरा झाला.

“प्रियदर्शनी, ये इकडं. एकेक दार उघड आणि लाव. मी ‘पुढचं’ म्हटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नको.”

“तिला कशाला?” तात्या पुढं झाले. “मी करतो की.”

“तुम्ही स्टुलावर बसा. तिलाच करू दे.”

पहिलं दार. पडदा कोरा. दुसरं, तिसरं, चौथं. कोराच. वायपर, हॉर्न, काही नाही. मग तिनं डिकी वर उचलली आणि सावकाश खाली घेतली. निम्म्यावर आली आणि पडद्यावर एक ओळ उमटली. तिच्यामागनं दुसरी. मग तिसरी.

“थांब!” श्यामलाबाईंनी मान हलवली. “डिकी बंद असली तरी गाडीला वाटतं, कुणीतरी उघडली. चोर आला म्हणून ओरडतीय बिचारी.”

डिकीत मुलीची कपड्यांची बॅग होती. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि झाकणाच्या आतलं अस्तर क्लिपा सोडवून उतरवलं. दिव्याच्या तारेला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, तीही अर्धवट सुटलेली. तिच्यातनं तांब्याचे उघडे केस बाहेर आले होते आणि पत्र्याला टेकत होते. चिकटपट्टीला सोनेरी झिरमिळ्या लागलेल्या.

“पावणं, वरातीत गाडीला माळा लावल्या होत्या?”

“लावलत्या की!” तात्या स्टुलावरनं उठलेच. “नुसता लखलखाट! मांडववाला म्हणत हुता, जनरेटर आणतो. मी म्हटलं, गाडीत येवढा करंट हाय, तो काय चाटायचाय? डिकीच्या दिव्यातनं मीच जोडून दिल्या.”

“आणि काढल्या कुणी?”

“मीच. दुसऱ्या दिवशी सकाळी. उसाचं पाचट ओढावं तशा ओढल्या फराफरा...”

वाकून त्यांनी तार बघितली. मग पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

श्यामलाबाईंनी उघडी टोकं छाटली, तार सोल्डर केली, वर आवरण चढवलं. दोष पुन्हा पुसले. प्रियदर्शनीनं डिकी आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात. पडदा कोरा. गाडी लॉक करून तिघंही दहा मिनिटं तिच्याकडं बघत उभी राहिली. गाडी गप्प.

“झालं तर मग,” तात्या घाईनं म्हणाले. “चला घरला. आता इषय संपला.”

“बाई,” मुलगी जागची हलली नाही, “काय सापडलं ते लिहून द्याल? मराठीत. मोठ्या अक्षरांत.”

श्यामलाबाईंनी गॅरेजचं पॅड ओढलं आणि चष्मा नाकावर चढवला. ‘डिकीच्या दिव्याची तार. वरातीची माळ जोडून ओढल्याने उघडी पडली होती. बाकी गाडी निर्दोष.’ सही करता करता त्या थांबल्या आणि आणखी एक ओळ घातली. ‘जोडणारे व ओढणारे, श्री. आकाराम.’

प्रियदर्शनीनं कागद दोनदा वाचला. त्याची नीट घडी घातली आणि सासऱ्यांपुढं धरला.

“पायगुण म्हणणाऱ्या आत्तींना तुमीच वाचून दाखवा, मामा. दुपारी गल्लीतल्या बायका जमल्या की.”