वाचलेला डोळा

वस्तरा कंठापाशी पोचला, तशी त्याने करंगळी आधी गिऱ्हाइकाच्या हनुवटीला टेकवली. त्याशिवाय आता कातडी किती जवळ आहे ते कळत नसे. गिऱ्हाईक मात्र डोळे मिटून निवांत पडलं होतं.

"डोळा वाचला बुवा तुमचा," ते म्हणालं. "नशीबवान आहात."

"तर काय," तो म्हणाला.

लोकांना काय, पापण्यांची उघडझाप झाली की डोळा शाबूत. एका डोळ्यात कर्करोगाची गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. डोळा काढून खोटा बसवायचा, नाहीतर गाठ जाळणाऱ्या किरणांची चकती काही दिवस डोळ्याला टाके घालून ठेवायची. डोळा राहील, नजरेची खात्री नाही. जिवाला धोका दोन्हीकडे सारखाच. तो काढायलाच तयार होता, एकदाची कटकट गेली म्हणून. बायको अडून बसली. "खोट्या डोळ्याच्या माणसापुढे गळा ताणून कोण बसेल?" तिचं खरं होतं. चकतीने गाठ सुकली आणि दोन वर्षांत नजरही गेली. उरली ती डोळ्याची आग आणि तपासण्यांच्या फेऱ्या. पण सलून चाललं. त्या डोळ्याला दिसत नाही हे फक्त दोघांना ठाऊक. बायकोने कुणापाशी ब्र काढला नाही, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

आज मुलाचं लग्न. मिसरूड फुटल्यापासून पोराच्या गालाला दुसऱ्या कुणाचा वस्तरा लागलेला नव्हता. गिऱ्हाईक उरकून त्याने शटर ओढलं आणि नवं पातं, नवा ब्रश घेऊन घाईने घर गाठलं. सावकाश, जीव ओतून, अशी दाढी करणार होता की फोटोवाल्यानेही विचारावं.

मुलगा दारातच भेटला. गाल गुळगुळीत, अंगाला परक्या सलूनच्या लोशनचा वास. वडिलांकडे न बघता तो आत निघून गेला.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको कपड्यांना इस्त्री करत होती.

"मीच पाठवलं त्याला," ती म्हणाली.

"माझा हात पहिल्यासारखाच आहे, असं तूच म्हणतेस ना सगळ्यांना?"

तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"गिऱ्हाइकांचं ठीक आहे हो," ती म्हणाली. "हा आपला पोरगा आहे."