फ्रोकोस्टची बैठक

नॉर्वे-डेन्मार्क शाळा-मैत्री मंडळाची बैठक दरवर्षी डेन्मार्कच्या बंदरावरच्या खाणावळीत फ्रोकोस्टला होते. अकरा वर्षं दोन्ही देशांचा अहवाल एकच: "बैठक खेळीमेळीत पार पडली. मतभेद नाहीत."

यंदा धुक्यामुळे नॉर्वेची बोट चार तास उशिरा लागली. नॉर्वेच्या प्रतिनिधी राग्नफ्रीदबाई धापा टाकत आत शिरल्या, तर डेन्मार्कचे प्रेबेन नुकतेच हेरिंग मासा पुढ्यात घेऊन बसलेले.

"अहो, बारा वाजता कसला फ्रोकोस्ट? फ्रोकोस्ट म्हणजे न्याहारी, तो सकाळी आठला!"

"तुमच्याकडे असेल. आमच्याकडे फ्रोकोस्ट म्हणजे दुपारचं जेवण."

"म्हणजे अकरा वर्षं तुम्ही..."

"येत होतो की! तुमचाच पत्ता नसायचा. उगाच बोभाटा नको म्हणून अहवाल लिहून टाकायचो."

"अगंबाई, मीही तेच करायचे!"

दोघं पोट धरधरून हसले. मग पहिल्यांदाच बैठक सुरू झाली. आधी कोणाचा मास्तर कोणाच्या शाळेत पाठवायचा, हा पहिलाच विषय.

"तुमचा मास्तर तोंडात गरम बटाटा धरून बोलणार! पोरांना काय कळणार, कपाळ?" राग्नफ्रीदबाई म्हणाल्या.

"आणि तुमचा? तो बोलतोय की गातोय, तेच कळत नाही!"

तासाभरात एकच ठराव एकमतानं मंजूर झाला: पुढच्या वर्षीही नेहमीसारखं फ्रोकोस्टलाच भेटायचं.